नरसीचे फिरते कीर्तनकार : संत नामदेव

कयाधू नदीच्या कांठीं, हिंगोली शहरापासून कांहीं कोसांवर, नरसी नांवाचें गांव आहे. हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजीं झाला. त्यापूर्वीं हा भाग परभणी जिल्ह्यांत मोडत असे, आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तर तो निजामाच्या राज्यांत होता. राज्यें बदललीं, जिल्हे बदलले. परंतु या गांवाची ओळख बदलली नाहीं. नरसी म्हणजे नामदेवांची नरसी. आज गांवाच्या नांवालाच त्यांचें नांव जोडलेलें असून ‘नरसी नामदेव’ असेंच सारे म्हणतात.

नामदेवांविषयीं बोलावयाचें म्हणजे बहुधा संत म्हणून बोललें जातें, आणि तें यथार्थच आहे. परंतु त्यांच्या चरित्राला आणखी एक बाजू आहे, व तिच्याकडे मुद्दाम पाहण्यासारखें आहे. नामदेव हे फिरते गायक होते. त्यांचें उभें आयुष्य गाण्यांत आणि प्रवासांत गेलें. त्या काळीं गायकापाशीं आपला आवाज दूर पोंचविण्याचें एकच साधन होतें, तें म्हणजे स्वतःचे पाय. जेथवर पाय चालतील तेथवरच गाणें जाणार. हें ध्यानांत घेतलें म्हणजे एका शिंप्याच्या मुलाचा आवाज कयाधूच्या कांठापासून पंजाबपर्यंत कसा गेला, आणि तेथें सातशें वर्षें कसा टिकला, हा प्रश्न साधा राहत नाहीं.

परंपरेप्रमाणें नामदेवांचा जन्म शके ११९२ मध्यें, म्हणजे इसवी सन १२७० मध्यें, कार्तिक शुद्ध एकादशीस झाला. वडिलांचें नांव दामाशेटी, आईचें गोणाई. घरीं कपडे शिवण्याचा धंदा. दामाशेटींचें मूळ गांव नरसी बामणी, आणि तेथून हें कुटुंब पंढरपुरास येऊन राहिलें. ही नरसी कोणती याविषयीं पूर्वीं वाद होता. कऱ्हाडजवळचें नरसिंगपूर तेंच हें गांव, असें कांहीं अभ्यासक मानीत. आणि जन्म पंढरपुरांतच झाला असेंही मत आहे. परंतु मराठवाड्यांतील लोकमानसानें हा निकाल केव्हांच लावून टाकला आहे. आषाढीला पंढरपुरास गेलेले वारकरी माघारीं आले म्हणजे आषाढ वद्य एकादशीला नरसीस लोटतात. या परतवारीच्या यात्रेला जमणारा समाज पाहिला म्हणजे कागदांवरचा वाद फार दूरचा वाटूं लागतो.

नामदेवांच्या गाण्याचें माध्यम होतें अभंग. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यांत चार चरण असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे व शेवटचा चार अक्षरांचा. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचें यमक जुळतें, आणि चौथा आंखूड चरण ऐकणाऱ्याला श्वास घेण्यास जागा देतो. बावीस अक्षरांची ही बांधणी डोळ्यांसाठीं केलेली नाहीं, ती कानांसाठीं आहे. ज्याला अक्षरओळख नाहीं त्याच्याही ती एका ऐकण्यांत ध्यानांत राहते. ध्रुवपद आलें कीं समुदायानें तें उचलून धरावें, टाळांनीं लय सांभाळावी, मृदंगानें तिला वजन द्यावें. म्हणजे श्रोता केवळ श्रोता राहत नाहीं, तोही गायक होतो. चंद्रभागेच्या वाळवंटांत नामदेवांनीं हें कीर्तन उभें केलें. महाराष्ट्र त्यांना आद्य कीर्तनकार मानतो तो याचकरितां. देवळाच्या गाभाऱ्यांत कोणी जावें आणि कोणी जाऊं नये याचे निर्बंध होते. वाळूला दार नव्हतें. तेथें चोखोबा उभे राहूं शकत, जनाबाई उभी राहूं शके, सांवता माळ्याचें आणि गोरोबा कुंभाराचें गाणें त्याच टाळांवर चाले.

गळा होता, भक्ति होती, परंतु गुरु नव्हता. गोरोबाकाकांनीं थापटण्यानें एकेका संताचें डोकें मडक्याप्रमाणें ठोकून पाहिलें व नामदेवांचें मडकें कच्चें ठरविलें, ही कथा घरोघरीं ठाऊक आहे. त्या अपमानानंतर नामदेव गेले ते औंढ्या नागनाथास. म्हणजे जन्मगांवाच्याच परिसरांत, आजच्याच हिंगोली जिल्ह्यांत, त्यांना विसोबा खेचर भेटले. विसोबा पिंडीवर पाय टाकून निजले होते. नामदेवांनीं हटकलें, तेव्हां ते म्हणाले कीं, जेथें देव नसेल तेथें माझे पाय ठेव. कथेंतील चमत्कार बाजूस ठेवला, तरी तिच्यांतून एका गायकाची वाढ कळून येते. पंढरपुरांतच देव पाहणारा भक्त पंढरपुराबाहेर गाणें घेऊन जाण्यास कसा तयार झाला, त्याचें कारण तिच्यांत आहे. देव सर्वत्र आहे असें एकदां पटलें म्हणजे कोणतेंही गांव परकें राहत नाहीं. फिरत्या कीर्तनकाराला एवढी शिदोरी पुरे असते.

याच औंढ्याची दुसरी एक कथा आहे. नामदेव देवळापुढें कीर्तन करीत असतां त्यांना तेथून उठविण्यांत आलें. ते मुकाट्यानें देवळाच्या मागच्या बाजूस गेले व तेथें गाऊं लागले. तेव्हां देऊळच त्यांच्याकडे फिरलें. औंढ्यास नंदी देवळाच्या मागें आहे, आणि तेथील माणसें त्याचें कारण म्हणून हीच कथा सांगतात. देऊळ फिरल्याची गोष्ट ज्याला मान्य नसेल त्यानेंही एक गोष्ट मान्य करावी. शिखांच्या पवित्र ग्रंथांत नामदेवांच्या नांवावर भैरव आणि मल्हार या रागांत अशीं पदें आहेत, कीं ज्यांत गाणारा स्वतःच हा प्रसंग सांगतो. आनंदानें देवळांत आलों, भजन करीत असतां धरून उठविलें, जात हीन म्हणून हिणविलें, असें त्यांत गाऱ्हाणें आहे. पदांत गांवाचें नांव नाहीं. परंतु मराठवाड्यांतील देवळाची दंतकथा आणि पंजाबांत गाइलें जाणारें पद एकच दुःख सांगतात, हा कांहीं योगायोग नव्हे. चमत्कार मागून जोडला गेला असेल. उठविलें जाणें मात्र खरें वाटतें, कारण तें त्या काळीं नित्य घडत होतें.

पुढें ज्ञानदेवांच्या सहवासांत नामदेवांची तीर्थयात्रा झाली. या यात्रेचें वर्णन ‘तीर्थावळी’च्या अभंगांत आहे. ‘आदि’, ‘तीर्थावळी’ व ‘समाधि’ या तीन प्रकरणांत नामदेवांनीं ज्ञानदेवांचें चरित्र गाइलें, आणि म्हणून मराठींतील आद्य चरित्रकार हा मानही त्यांच्याकडे जातो. यात्रेंतील एक कथा येथें सांगण्यासारखी आहे. मारवाडांत दोघांनाही तहान लागली. विहीर होती, परंतु पाणी फार खोल. ज्ञानदेव योगसामर्थ्यानें सूक्ष्म रूप घेऊन खालीं उतरले व पाणी पिऊन वर आले. नामदेवांपाशीं योग नव्हता. त्यांनीं गाऊन विठ्ठलाचा धांवा केला, आणि विहीर कांठोकांठ भरून वाहूं लागली. ज्ञानी मनुष्य पाण्यापर्यंत जातो, गाणारा पाणी सर्वांपर्यंत आणतो, असा या कथेचा अर्थ आहे. वारकऱ्यांनीं दोघांपैकीं कोणालाही उणें लेखलें नाहीं, हें त्यांचें शहाणपण.

शके १२१८ मध्यें, म्हणजे १२९६ सालीं, ज्ञानदेवांनीं आळंदीस समाधि घेतली. नामदेव तेव्हां सव्वीस वर्षांचे होते. त्याच सुमारास अल्लाउद्दीन खिलजीची पहिली धाड देवगिरीवर आली, आणि १३१८ पर्यंत यादवांचें राज्य बुडालें. ज्या राज्याच्या छायेंत मराठी भाषा ग्रंथांची भाषा झाली, तें राज्य नाहींसें झालें. ज्या मित्राबरोबर वाट चालली, तो मित्र गेला. अशा वेळीं मनुष्य घराचा उंबरा धरून बसतो. नामदेवांनीं टाळ उचलला आणि ते उत्तरेकडे निघाले.

येथें क्षणभर त्यांच्या घराकडेही पाहिलें पाहिजे. गायकाच्या कीर्तीचा हिशेब मांडतांना घरच्या माणसांनीं काय सोसलें तें सहसा मांडलें जात नाहीं. नामदेवांच्या गाथेंत तें मांडलेलें आहे, हें तिचें मोठेपण. तिच्यांत आई गोणाई विठ्ठलाशीं भांडते कीं तूं माझा मुलगा नादावलास. पत्नी राजाई घरांतील अठरा विश्वे दारिद्र्य उघड करते. चार मुलगे नारा, विठा, गोंदा आणि महादा, मुलगी लिंबाई, आणि गंगाखेडाहून लहानपणीं येऊन या घरचीच झालेली जनाबाई, एवढीं माणसें. आणि शिवणकाम टाकून कर्ता पुरुष कीर्तनांत. हे अभंग कोणी रचले याविषयीं अभ्यासकांत मतभेद असतील. परंतु वारकऱ्यांनीं ते नामदेवांच्या गाण्यांशेजारींच जपून ठेवले, आणि राजाईची तक्रार खोटी म्हणून कोणी पुसून टाकली नाहीं. त्याच घरांत जात्यावर बसून जनाबाईनें जें गाइलें तें आज नामदेवांच्या अभंगांइतकेंच लोकांच्या मुखीं आहे. फिरणाऱ्याचें गाणें दूर गेलें; दळणारीचें गाणें घरांतून निघून तितकेंच दूर गेलें.

आपल्या माणसांना मात्र नामदेव विसरले नाहींत. १३३८ मध्यें मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम चाललें असतां भिंत कोसळली व वेठीला धरलेले कांहीं मजूर तिच्याखालीं गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. नामदेव तेथें गेले, आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनि येई त्या चोखोबांच्या म्हणून ओळखून त्यांनीं त्या पंढरपुरास आणल्या, अशी परंपरा आहे. महाद्वारासमोर त्यांची समाधि झाली. ज्याला जिवंतपणीं दार ओलांडतां आलें नाहीं, त्याला दारासमोर जागा मिळाली ती एका गायकाच्या कानामुळें.

पंजाबांतील वास्तव्याची खूण म्हणजे गुरदासपूर जिल्ह्यांतील घुमान हें गांव. नामदेव तेथील रानांत येऊन राहिले, भोंवतीं वस्ती वाढली, बहोरदास नांवाचा शिष्य मिळाला, असें तेथील लोक सांगतात. हा निवास अठरा-वीस वर्षांचा मानतात. तेथें माघांत मोठा मेळा भरतो, आणि नामदेव तेथें ‘भगत नामदेव’ किंवा ‘बाबा नामदेव’ होतात. त्यांचा धंदाही प्रवासांत किंचित् बदलला. महाराष्ट्रांत ते शिंपी, म्हणजे कापड शिवणारे. उत्तरेंत ते छिपा, म्हणजे कापडावर छपाई करणारे. ऐकणाऱ्यांनीं आपल्या ओळखीच्या पेशांत त्यांना बसवून घेतलें, आणि म्हणूनच त्यांना आपलें मानलें.

भाषेचेंही तसेंच झालें. मराठी अभंग पंजाबांतील शेतकऱ्याला काय कळणार? तेव्हां नामदेवांनीं तेथें समजेल अशा हिंदवी बोलींत पदें रचलीं. तिलंग रागांतील त्यांच्या पदांत फारसी शब्दांचा वर्षाव आहे. तर अन्यत्र मध्येंच मराठीचा ‘चा-ची-चे’ हा षष्ठीचा प्रत्यय डोकावतो आणि गाणारा कोठला तें सांगून जातो. गुरु अर्जुनदेवांनीं १६०४ मध्यें आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हां त्यांत नामदेवांचीं ६१ पदें अठरा रागांत घेतलीं. तो ग्रंथ विषयवार नाहीं, रागवार लावलेला आहे. म्हणजे वाचनाच्या अगोदर गायन. त्यामुळें नामदेवांचीं तीं पदें केवळ कागदावर राहिलीं नाहींत. गुरुद्वाऱ्यांतील रागी मंडळी तीं आजही गातात. ज्या गायकाला एका देवळापुढून उठविलें, त्याचें गाणें दुसऱ्या एका धर्मानें आपल्या पवित्र ग्रंथांत स्थापन केलें. याहून मोठी भरपाई कोणत्या गायकाला मिळाली असेल?

कोणी विचारील कीं महाराष्ट्रांतील नामदेव आणि पंजाबांतील नामदेव एकच कशावरून? ही शंका अभ्यासकांनीं घेतलेली आहे, आणि ती अप्रामाणिक नाहीं. नामदेवांच्या नांवावर सुमारें अडीच हजार मराठी अभंग सांगितले जातात. त्यांत सोळाव्या शतकांतील विष्णुदास नामा याची रचना मिसळली आहे, आणि नामदेवांच्या मुद्रेनें मागून गाणारे आणखीही असावेत. महाराष्ट्र शासनानें १९७० मध्यें सप्तशताब्दीच्या निमित्तानें नामदेव गाथा प्रसिद्ध केली, तरी सारे पाठभेद मिटले असें नव्हे. याचें कारण कीर्तनाच्या स्वभावांतच आहे. अमेरिकेंतील अभ्यासक ख्रिश्चन ली नोवेत्स्के यांनीं २००८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत याच मुद्द्यावर भर दिला आहे. नामदेवांची स्मृति ग्रंथांपेक्षां कीर्तनानें जपली. कीर्तनकारांचीं जीं बाडें सांपडतात तीं कवीचें हस्तलिखित म्हणून लिहिलेलीं नाहींत. उद्यांच्या कीर्तनाला काय गावयाचें याचीं तीं टिपणें आहेत. गाणें चालतें राहावें म्हणून प्रत्येक गाणारा त्यांत आपला सूर मिसळतो, आणि मग मूळचा सूर कोणता हें निवडणें अवघड होऊन बसतें. फिरत्या गायकाला हें मोल द्यावेंच लागतें. ज्याचें गाणें कोणीच उचललें नाहीं, त्याच्याविषयीं असा वाद कधींच होत नाहीं.

महाराष्ट्र आणि पंजाब यांच्यामध्यें पसरलेल्या संतकवींची साक्षही येथें ध्यानांत घ्यावी. कबीर व रविदास यांनीं आपल्या पदांतून नामदेवांचें नांव आदरानें घेतलें आहे. इकडे तुकोबांनीं, नामदेव विठ्ठलासह स्वप्नांत आले आणि शतकोटी अभंगांचा आपला अपुरा संकल्प पुरा करावयास त्यांनीं सांगितलें, असें म्हटलें. उत्तरेंत आणि दक्षिणेंत एकाच गायकाला पूर्वज मानण्याचें असें भाग्य क्वचितच कोणाला लाभतें.

परंतु या प्रवासांतील सर्वांत नवलाची गोष्ट नामदेव गेल्यानंतर साडेतीनशें वर्षांनीं घडली. गुरु गोविंदसिंग दक्षिणेंत आले, आणि १७०८ मध्यें गोदावरीच्या कांठीं नांदेड येथें त्यांनीं देह ठेवला. आपल्यामागें कोणी मनुष्य गुरु होणार नाहीं, ग्रंथ हाच गुरु, असें त्यांनीं तेथें सांगितलें, अशी शिखांची श्रद्धा आहे. नांदेड नरसीहून पायीं तीन-चार दिवसांच्या वाटेवर आहे. ज्या मुलखांतून एक शिंपी गात गात उत्तरेकडे गेला, त्याच मुलखांत त्याचीं पदें पंजाबी गळ्यांतून, गुरुमुखी अक्षरांतून, गुरुपदीं बसलेल्या ग्रंथांतून परत आलीं. आज नांदेडच्या गुरुद्वाऱ्यांतील पहांटेचें कीर्तन आणि नरसीच्या देवळांतील काकडा यांच्यामध्यें फारसें अंतर नाहीं. नामदेव दोन्हीकडे आहेत. २०१५ च्या एप्रिलमध्यें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें ८८ वें अधिवेशन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखालीं घुमानला भरलें, तें याच ऋणाची फेड म्हणून.

नामदेवांचा शेवट कोठें झाला, याविषयींही दोन गांवांचा हक्क आहे. घुमानचे लोक समाधि आपल्याकडे आहे असें मानतात. महाराष्ट्राची परंपरा सांगते कीं, शके १२७२ मध्यें आषाढ वद्य त्रयोदशीस, म्हणजे १३५० सालीं, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, नामदेवांनीं पंढरपुरास महाद्वारांत समाधि घेतली. देवाच्या पायाशीं नव्हे, गाभाऱ्यांत नव्हे, तर पायरीखालीं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक संताचे पाय आपल्याला लागावेत म्हणून. ‘नामदेवाची पायरी’ म्हणून ती आज सर्वांस ठाऊक आहे. भाविक तिच्यावर पाय ठेवीत नाहींत, तिला हात लावून तो कपाळीं लावतात, हा त्यांचा भाव. परंतु ती जागा निवडणाऱ्याचा भाव निराळा होता. ज्यानें आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारापर्यंत चालत जाऊन गाइलें, त्यानें शेवटीं, लोक आपल्यावरून चालत जातील अशी जागा मागितली.

नरसी, औंढा, पंढरपूर, मंगळवेढें, घुमान आणि नांदेड यांवरून नामदेवांच्या गाण्याची वाट जाते. या वाटेवर राजसत्तेचें पाठबळ कोठेंही नाहीं. आहे तो टाळ, समजेल अशी बोली, आणि आपल्याला उठविणाऱ्यांवर राग न धरतां देवळाच्या मागें जाऊन पुन्हां गावयास बसण्याचें धैर्य. मराठी घरांतून आज मुलांना संगीत शिकविण्याची हौस वाढली आहे. ती चांगलीच आहे. त्या मुलांना राग आणि ताल यांच्याबरोबर नरसीच्या या गायकाची गोष्टही सांगावी. देऊळ फिरलें कीं नाहीं याचा निर्णय तीं मोठेपणीं आपापल्या बुद्धीनें करतील. गाणें थांबलें नाहीं, एवढें मात्र त्यांना आजही स्वतःच्या कानांनीं ऐकतां येईल.